विश्वचषक आला, मंडळ कधी येणार?

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले आणि खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्याच दिवशी पुरुषांनीही नेपाळवरच ५४-३६ अशी मात केली. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही संघांचे कर्णधार पुण्याचे. २३ देशांतून पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ आले होते. पेरू, ब्राझील, घाना, पोलंड, दक्षिण कोरिया असे देश. आपल्या शाळेच्या पटांगणात आपण जो खेळ खेळलो तो पेरूचे गडी खेळताहेत, हे टीव्हीवर पाहताना महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ऊर भरून आला असेल.

सिंधुदुर्गातल्या आमच्या दोडामार्ग तालुक्यातही आला. मात्र त्या आनंदामागोमाग एक प्रश्न येतो आणि तो टाळू नये. खो-खो हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ. शंभर वर्षांत तो गल्लीतल्या मंडळांपासून विश्वचषकापर्यंत पोचला. मग तो आमच्यासारख्या तालुक्यात शाळेच्या फाटकाशीच का थांबतो? दहावी झाली की मुलगी खो-खो सोडते. तिला तो नकोसा झालेला नसतो, पुढे खेळायला तिच्यासाठी जागाच नसते. या खेळाच्या आजवरच्या वाटचालीकडे त्या मुलीच्या बाजूने पाहिले तर काय दिसते, ते मांडायचे आहे.

खो-खोला नियमांची चौकट मिळाली ती पुण्यात. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम आखले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने स्पर्धा भरवल्या, पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांची घडी बसवली. त्याआधी गावोगाव ज्याचा त्याचा खो-खो होता. किती गडी, किती वेळ, खांब कुठे, हे ज्या त्या गावाने ठरवायचे. नियम छापले गेले तेव्हा साताऱ्याचा संघ पुण्याशी खेळू शकला, मुंबईचा बडोद्याशी. गावकीच्या खेळाची स्पर्धा होते ती अशी.

पण नुसत्या छापील नियमांनी खेळ वाढला नसता. तो वाढवला मंडळांनी. पुण्याचा नवमहाराष्ट्र संघ, दादरचे अमरहिंद मंडळ आणि श्री समर्थ व्यायाम मंदिर, इचलकरंजीचे जयहिंद मंडळ, ठाण्याचे विहंग क्रीडा मंडळ, वेळापूरचे अर्धनारी नटेश्वर क्रीडा मंडळ ही काही नावे. मोठी इमारत, पगारी माणसे असली श्रीमंती मंडळांकडे क्वचितच असते. संध्याकाळी कुणीतरी फक्की मारतो, कुणी नोकरीवरून थेट मैदानावर येऊन पोरांना पळवतो, दिवाळीत वर्गणी काढून बनियन-चड्ड्या शिवल्या जातात. दहा वर्षांचा पोरगा आणि तीस वर्षांचा राष्ट्रीय खेळाडू एकाच मैदानावर असतात आणि लहानगा मोठ्याचे पाहून शिकतो. खो-खो पुस्तकातून शिकता येत नाही. मंडळाचे खरे काम हेच, की ते वयाची साखळी तुटू देत नाही.

अखिल भारतीय पातळी गाठायला बराच काळ गेला. राष्ट्रीय महासंघ पन्नासच्या दशकात उभा राहिला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, महिलांची त्याच्या पुढच्या वर्षी कोल्हापुरात. म्हणजे तिलारी घाट चढून गेले की जे शहर आपल्याला जवळचे, तिथेच देशातल्या मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. खो-खोचा पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली गुजरातच्या सुधीर परब यांना मिळाला आणि दुसरा १९७१ मध्ये गुजरातच्याच अचला देवरे यांना. परब हे आडनाव आमच्या जिल्ह्यात दर चार घरांआड सापडते. महाराष्ट्राबाहेरही बडोदा, इंदूर या शहरांत मराठी माणसांची वस्ती आणि व्यायामशाळा होत्या, तिथे खो-खोही रुजला. १९७५ मध्ये पुण्याच्या श्रीरंग इनामदारांना आणि उषा नगरकरांना अर्जुन मिळाला. त्यानंतर काही वर्षे नावे येत राहिली आणि मग मोठा खंड पडला. १९९८ नंतर थेट २०२० मध्ये सारिका काळे. मधली बावीस वर्षे अर्जुन पुरस्कारांत खो-खो नव्हता.

खेळ मात्र त्याआधीही आणि या बावीस वर्षांतही थांबला नव्हता. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला होता, पण कबड्डीला १९९० मध्ये बीजिंगला जे पदकाचे स्थान मिळाले ते खो-खोला मिळाले नाही. १९९६ मध्ये कोलकात्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, २००० मध्ये ढाक्याला दुसरी, आणि तिसऱ्या स्पर्धेसाठी २०१६ पर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी गुवाहाटी-शिलाँगच्या दक्षिण आशियाई खेळांत खो-खोचा समावेश झाला आणि भारताने दोन्ही सुवर्णपदके घेतली. महिला संघाची कर्णधार होती उस्मानाबादची, आजच्या धाराशिवची, सारिका काळे.

सारिकाच्या घरी अनेक वर्षे दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळे, हे तिने स्वतः सांगितले आहे. २०१६ मध्ये घरच्या ओढाताणीला कंटाळून तिने खेळ सोडायचे ठरवले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. पुढे ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. ही कथा जिद्दीची आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मुलगी मैदानावर यायची थांबली तेव्हा ती आली नाही हे कुणाच्या तरी लक्षात आले. विचारपूस करायला कुणीतरी होते. धाराशिव काही श्रीमंत जिल्हा नाही, पाणी नाही, कारखानदारी नाही. पण तिथे खो-खोची माणसे होती.

आता दोडामार्गाकडे येऊ. १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झालेला हा तालुका. एका अंगाला गोव्याचे डिचोली आणि पेडणे, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, घाट चढला की चंदगड, थोडे पुढे कर्नाटक. काजू, पोफळी, रबर यांच्या बागा, उताराची जमीन आणि खाली जांभा. सपाट जागा मिळवायची तर कातळ फोडून भर घालावी लागते. तरी शाळेला पटांगण आहे आणि पटांगणात खो-खो आहे, कारण त्याला काही लागत नाही. सुताराकडून तासून घेतलेले कमरेच्या वर येतील असे दोन खांब, चुन्याची फक्की आणि शिट्टी. चेंडू नाही, बॅट नाही, जाळे नाही. सातेरीच्या, माउलीच्या जत्रेला वर्गणी काढणाऱ्या वाड्यांना एवढे काही जड नाही.

शालेय स्पर्धांची उतरंड सगळ्या महाराष्ट्रात सारखी आहे. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतो. म्हणजे दोडामार्गाच्या शाळेने तालुका जिंकला, ओरोसला जाऊन जिल्हाही जिंकला, तरी विभागात तिच्यासमोर सांगली, कोल्हापूर, सातारा उभे असतात. खो-खोत यापेक्षा कठीण विभाग शोधूनही सापडणार नाही.

तिथे काय होते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. आमच्या मुली वेगात कमी पडत नाहीत. डोंगरात वाढलेल्या पोरींच्या पायांत जोर असतोच. फरक पडतो तो पहिल्या पावलात. मंडळात तयार झालेली मुलगी चौकोनात बसते तेव्हा तिची मागची टाच उचललेली असते, बोटे जमिनीला टेकलेली असतात आणि पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू येताच ती सुटते. शाळेत तयार झालेली मुलगी आधी उठते आणि मग धावते. या दोहोंत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते आणि तेवढ्यात पळती मुलगी दोन चौकोन पार करते. पळतीचेही तसेच. पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, खांदे एका मर्यादेपलीकडे वळले तरी पंच शिट्टी मारतो. म्हणून मुरलेली पळती मुलगी समोरच्याच्या पायांकडे पाहत नाही, खांद्यांकडे पाहते. खांदा कलला की तिला दिशा कळली. बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जाणारा साखळी खेळ कधी सोडायचा, गोल खेळ कधी धरायचा, खांबाजवळ किती थांबायचे, हे सारे तिला रोजच्या सरावातून, आपल्यापेक्षा मोठ्या मुलींच्या अंगावर पळून कळलेले असते. स्पर्धेआधी पंधरा दिवस सराव घेऊन ते येत नाही. तालुक्यातले क्रीडाशिक्षक जीव तोडून मेहनत घेतात, तरीही येत नाही.

त्यात आमचा पाऊस. तालुका आणि जिल्हा पातळीचे शालेय सामने ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास होतात आणि तेव्हा आमच्या पटांगणात पाणी साचलेले असते. घाटावरच्या शाळा जून-जुलैत निदान उघडिपीत सराव करतात. इकडे त्या दोन महिन्यांत मैदानावर पाऊल ठेवता येत नाही. ओल्या जांभ्याच्या रेतीत सूर मारायचा म्हणजे कोपर आणि गुडघा सोलून घ्यायचा. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मॅटवर सूर मारायला भीती वाटत नाही, त्यामुळे सूर मारणे हे रोजचे हत्यार झाले आहे. जिने आयुष्यात कधी मॅट पाहिली नाही, ती मुलगी विभागाच्या सामन्यात पहिल्यांदा त्यावर उतरली तर तिचे पाय घसरणारच.

पाऊस हे कारण खरे, पण पुरे नाही. रत्नागिरीतही इतकाच पाऊस पडतो. तरी ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार, आरती कांबळे ही रत्नागिरीची नावे महाराष्ट्राच्या संघात झळकली. तिथे वर्षानुवर्षे मुलींना घेऊन बसणारी माणसे होती. कोकणात खो-खो होत नाही, असे म्हणण्याची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

गेल्या काही वर्षांत वरचा मजला झपाट्याने उभा राहिला. २०१८ पासून खेलो इंडियात खो-खो आला. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग सुरू झाली, पहिला हंगाम पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीत. सहा संघ, टीव्हीवर प्रक्षेपण, प्रकाशझोतातला अंतिम सामना आणि ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ असा अवघ्या एका गुणाने मिळवलेला विजय. लीगने मैदान आखूड केले, पाठलाग करणारे नऊवरून सात केले आणि ‘वजीर’ नावाचा एक गडी आणला. तो कोणत्याही दिशेला धावू शकतो. सूर मारून टिपलेल्या गड्याला जास्त गुण ठेवले. जुन्या माणसांना हे रुचले नाही. मला त्यात वावगे वाटत नाही. पाहणाऱ्याला खेळ कळला पाहिजे आणि तो कळू लागला आहे. विश्वचषकही याच धर्तीवर झाला.

या नव्या मांडणीत एक गोष्ट मात्र मला सलते. लीगचे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले. २०२२ चा पुण्यात, २०२३-२४ चा कटकला, दोन्हींत मुली नाहीत. इकडे शाळाशाळांत खो-खो ज्यांच्या जिवावर चालतो त्यात निम्म्याहून कमी वाटा मुलींचा खचितच नाही. २०२२ मध्ये गुजरातला, २०२३ मध्ये गोव्यात आणि २०२५ मध्ये उत्तराखंडात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्राच्या महिलांनी पुरुषांच्या बरोबरीने सुवर्ण आणले. विश्वचषकही त्यांनी मोठ्या फरकाने जिंकला. ज्या मुलीने हे सारे केले तिच्यासाठी लीगचा करार नाही, हा सरळसरळ अन्याय आहे. तो जितक्या लवकर दूर होईल तितके बरे.

आंतरराष्ट्रीय यशाकडेही डोळसपणे पाहायला हवे. विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात भारताच्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले. आकडा वाचून छाती फुगते, पण जगात हा खेळ अजून किती कोवळा आहे हेही त्यातच दिसते. दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळ होता. २०२३ मध्ये आसामात तामुलपूरला झालेल्या आशियाई स्पर्धेतही दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळच होता. संघांची संख्या वाढली, पण बरोबरीने टक्कर देणारे देश अजून एक-दोनच आहेत.

याने खचून जायचे कारण नाही. कॅनडात रिंगेट नावाचा खेळ आहे. बर्फावर स्केट्स घालून, सरळ काठीने रबराची कडी ढकलत खेळायचा. आईस हॉकी मुलांची मानली जाई, म्हणून १९६३ मध्ये ओंटारियो प्रांतातल्या नॉर्थ बे गावी सॅम जॅक्स यांनी मुलींसाठी तो रचला. गावोगावच्या हौशी क्लबांनी तो धरला. १९७९ मध्ये युहानी वालस्टेन या माजी हॉकीपटूने तो फिनलंडला तुर्कू शहरात नेला आणि १९९० मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेव्हापासून जगज्जेतेपद या दोन देशांबाहेर गेलेले नाही, आणि ऑलिंपिकमध्ये तर तो खेळ नाहीच. तरी तो जिवंत आहे, कारण या दोन देशांत सहा-सात वर्षांच्या मुलीला तिच्या वयाचा संघ मिळतो आणि मोठी झाल्यावर मोठ्यांचाही. आई-वडीलच क्लब चालवतात. पंचवीस देश येवोत न येवोत, पुढच्या पिढीची मुलगी मैदानात येत राहिली की खेळ टिकतो. खो-खोकडे देश भराभर आले आहेत. घरच्या तालुक्यांत मंडळे मात्र तितक्या वेगाने वाढत नाहीत. सांगली, सोलापूर, पुणे, ठाणे या पट्ट्यातल्या जुन्या पुण्याईवर आपण अजून जिंकतो आहोत.

दोडामार्गात मंडळ का उभे राहत नाही, याचे उत्तर इथल्या रोजच्या जगण्यात आहे. इथला तरुण सकाळी मोटारसायकलला किक मारून म्हापसा, थिवी, डिचोलीला कामाला जातो आणि अंधार पडल्यावर परततो. जो कधीकाळी जिल्हा खेळलेला असतो, जो पोरांना शिकवू शकला असता, तो पाच वाजता गोव्यातल्या कारखान्यात असतो. मुलींचे त्याहून कठीण. अकरावीला दोडामार्ग, साटेली-भेडशी किंवा सावंतवाडी गाठायची. कॉलेज सुटल्यावर सरावाला थांबले तर घरची एसटी गेलेली असते. कोलझर, तळकट किंवा कोनाळच्या मुलीने साडेसहाला घरी कसे पोचायचे? आई-बाप नाही म्हणतात त्यात त्यांचा दोष कसला? खेळाडू घडवण्याच्या मोठमोठ्या योजना वाचल्या, पण त्यात मुलीला घरी पोचवणाऱ्या गाडीची तरतूद वाचल्याचे आठवत नाही. ग्रामीण भागातल्या खेळाचा निम्मा प्रश्न तिथेच अडलेला आहे.

गोवा शेजारी असल्याचा फायदा मात्र आपण घेतलेला नाही. म्हापशाचे पेडे क्रीडा संकुल दोडामार्गाहून तासाभराच्या आत आहे. आपल्या जिल्ह्याचे ओरोस त्याहून लांब पडते. नोकरीला, बाजाराला आणि बांबोळीच्या इस्पितळात जाताना आपण सीमा मानत नाही. मग खेळापुरतीच का मानावी? पेडणे, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड एवढ्या पाच तालुक्यांच्या संघांची हिवाळ्यात एक स्पर्धा भरवली तर कुणाच्या परवानगीवाचून मुलींना वर्षाला आठ-दहा चांगले सामने मिळतील. शाळेच्या स्पर्धेत हरलेल्या संघाला एका सामन्यात घरी परतावे लागते. एका सामन्याने कुणी खेळाडू होत नाही.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि रेल्वे, विमानतळ प्राधिकरण खो-खोच्या खेळाडूंना घेतात. पालकांना हे सांगायला हवे, आणि आकडेवारी दाखवून सांगायला हवे. पण त्यासाठी मुलगी राज्याच्या संघापर्यंत पोचली पाहिजे, आणि त्याकरता दहावीनंतरची चार-पाच वर्षे ती मैदानावर टिकली पाहिजे. सारे गाडे तिथे येऊन थांबते.

म्हणून मागणी मोठ्या संकुलाची नाही. तालुक्यात कोणत्याही एका हायस्कूलने आपले पटांगण संध्याकाळी पाच ते साडेसहा बाहेरच्या मुलींना उघडे ठेवावे. पावसाळ्यात एखाद्या देवळाचा सभामंडप किंवा बाजाराची शेड पाऊलकामासाठी मिळावी. सूर मारता आला नाही तरी उठणे, वळणे आणि खो देणे तिथे घोटून घेता येते. कसई-दोडामार्ग नगरपंचायतीने एक मॅट घ्यावी आणि मुलींना वाडीपर्यंत सोडणारी एक गाडी लावावी. निवृत्त क्रीडाशिक्षकांनी आठवड्यातले तीन दिवस द्यावेत. गोव्यात कामाला जाणाऱ्या जुन्या गड्यांनी रविवार द्यावा. मंडळाला नाव कोणतेही द्या, अध्यक्ष कुणालाही करा, पण येत्या दिवाळीच्या सुट्टीत ते सुरू करा. या वर्षी दहावीत असलेल्या मुली पुढच्या जूनमध्ये शाळेबाहेर पडतील. त्याआधी त्यांना मैदान ठाऊक झालेले असले पाहिजे.